जुन्या बेसबॉल स्टेडियमचं नाव विकावं का? चार मैदानांचा हिशेब

न्यूयॉर्कमध्ये 2009 साली एकाच हंगामात दोन नवी बेसबॉल स्टेडियम सुरू झाली. ब्राँक्समध्ये यांकीज संघाने 1923 पासूनचं जुनं स्टेडियम सोडलं, रस्त्यापलीकडे नवं बांधलं आणि पाटी तीच ठेवली: यांकी स्टेडियम. क्वीन्समध्ये मेट्स संघाने शे स्टेडियम पाडलं, शेजारीच नवं उभारलं आणि त्याचं नाव सिटीग्रुप या बँकेला विकलं: सिटी फील्ड. वर्षाला दोन कोटी डॉलर, वीस वर्षं. दरवाजे उघडायच्या आतच 2008 चं आर्थिक संकट आलं आणि सिटीला वाचवायला सरकारने 45 अब्ज डॉलर ओतले. मग शहराच्या दोन नगरसेवकांनी सुचवलं, की आता नाव 'सिटी / टॅक्सपेयर (करदाता) फील्ड' ठेवा. हसू झालं, टीका झाली, पण करार टिकला आणि मेट्सचे पैसेही चालू राहिले.

माझ्या मते मेट्सचा निर्णय चुकला नव्हता. विल्यम शे हा न्यूयॉर्कमध्ये नॅशनल लीगचा (अमेरिकी बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी एकीचा) संघ परत आणणारा वकील. त्याच्याबद्दल आदर होता, पण 1964 च्या त्या इमारतीवर जीव टाकणारे थोडेच होते. यांकीजचं तसं नव्हतं. त्यांच्या दारावरचं नाव हेच त्यांचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. म्हणजे पहिला प्रश्न 'विकणं बरं की वाईट' हा नाहीच. तुमच्या दारावरचं नाव कशा जातीचं आहे, हा आहे.

हा आढावा ज्याला खरोखर ठरवायचंय त्याच्यासाठी आहे: क्लबचा मालक, स्टेडियम ताब्यात असलेल्या महापालिकेतला अधिकारी, किंवा मतपत्रिकेवर असा प्रस्ताव आलेला साधा मतदार. मतदाराचं उगाच लिहिलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत खरंच असं मतदान झालं, आणि त्याच्या आसपासच्या बे एरियात मराठी मतदार काही कमी नाहीत.

फेनवे आणि रिग्ली: न विकून कमावणारे

बॉस्टनचं फेनवे पार्क 1912 चं. नाव वस्तीवरून पडलं असं म्हणतात ते खरंच, पण बांधणाऱ्या टेलर कुटुंबाची जमीन-व्यवहारातली कंपनीही 'फेनवे रिअल्टी' होती. थोडक्यात, पवित्र मानलेल्या नावालाही जाहिरातीचा वास होताच. आता शंभर वर्षांनी तो कुणाला येत नाही.

इथल्या रेड सॉक्स संघाच्या सध्याच्या मालकांनी 2002 मध्ये संघ घेतल्यावर नावाला हात लावला नाही. बाकी जे विकता येईल ते मात्र विकलं. डाव्या बाजूची ती 37 फुटी हिरवी भिंत, 'ग्रीन मॉन्स्टर', हिच्यावर 1947 पर्यंत जाहिराती रंगवलेल्या असत; मग ती हिरवी झाली, आणि पुढे जाहिराती पुन्हा आल्याच. 2003 मध्ये तर भिंतीच्या माथ्यावर अडीचशेच्या वर खुर्च्या बसवल्या. पूर्वी होमरनचे, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेले, चेंडू अडवायला तिथे नुसती जाळी होती. त्याच वर्षी सुरू झालेली सगळी तिकिटं संपण्याची मालिका 2013 पर्यंत चालली, नियमित हंगामातले सलग 794 सामने. जिंकणारा संघ हे मोठं कारण होतंच, पण 'फेनवेला जायचं' हेही होतं. त्या नावापुढे एखाद्या विमा कंपनीचं नाव चिकटवून वर्षाला चार पैसे मिळतीलही, पण ज्या ओढीने लोक महागडं तिकीट काढतात तिलाच तुम्ही धक्का लावता.

स्टेडियमबाहेर, भिंतीवरून दिसणारी सिटगो या पेट्रोल कंपनीची साठ फुटी त्रिकोणी खुणेची पाटी 1965 पासून केनमोर स्क्वेअरला आहे. 1983 मध्ये ती उतरवायला निघाले, तर बॉस्टनकरांनीच विरोध केला. जाहिरात वाचवायला लोक उभे राहिले! जाहिरातीविरुद्ध तत्त्व म्हणून कुणी नसतं. लोकांचं म्हणणं असतं ते फक्त नव्या जाहिरातीविरुद्ध.

शिकागोच्या कब्स संघाचं रिग्ली फील्ड हे त्याचं आणखी मोठं उदाहरण. 1914 मध्ये ते वीघमन पार्क होतं, मग कब्स पार्क झालं, आणि 1926 च्या सुमाराला च्युइंगगमवाल्या विल्यम रिग्ली यांचं नाव लागलं. आज ते बेसबॉलमधल्या सर्वात लाडक्या नावांपैकी एक आहे, आणि च्युइंगगम कंपनी त्यासाठी क्लबला भाडं देत नाही. 2008 मध्ये त्या वेळचे मालक सॅम झेल यांनी नाव विकण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा शहरात केवढा गहजब झाला. पुढल्या वर्षी संघ रिकेट्स कुटुंबाकडे गेला. त्यांनी नाव तसंच ठेवून आत मोठमोठे व्हिडिओ फलक लावले आणि शेजारच्या मोकळ्या चौकाला गॅलघर या विमा दलाल कंपनीचं नाव दिलं. समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवरून सामना दाखवून धंदा करणाऱ्यांशी त्या फलकांवरून कोर्टकज्जे झाले, पण तो वेगळा विषय.

मालकाचं नाव आणि मालाचं नाव यांतली रेघ किती पातळ असते हे सेंट लुईसने 1953 मध्येच दाखवलं. बिअरवाले ऑगस्ट बुश यांनी कार्डिनल्स संघ घेतला आणि स्टेडियमला 'बडवायझर' नाव द्यायचं ठरवलं. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी बिअरचं नाव चालणार नाही म्हटल्यावर बुशनी स्वतःचं आडनाव दिलं, त्याला कोण नाही म्हणणार? दोनेक वर्षांत कंपनीने बाजारात नवी बिअर आणली: 'बुश बव्हेरियन'.

कोमिस्की: विकून काय झालं

शिकागोचाच दुसरा संघ व्हाइट सॉक्स. त्यांचं जुनं कोमिस्की पार्क 1910 चं, मालक चार्ल्स कोमिस्की यांच्या नावाचं. त्या मैदानाच्या जागी 1991 मध्ये रस्त्यापलीकडे नवं कोमिस्की आलं. इमारत सरकारी प्राधिकरणाची, वरच्या मजल्याचा उतार इतका खडा की मागच्या रांगेत बसलेल्याला खाली पाहताना धडकी भरे. नाव ऐतिहासिक, वास्तू नाही. नाव विकायला याहून मोकळी जागा मिळणं कठीण.

2003 मध्ये ते यूएस सेल्युलर या मोबाइल कंपनीला दिलं, सुमारे वीस वर्षांसाठी 6.8 कोटी डॉलरना. वर्षाचा हिशेब काढला तर साधारण 34 लाख डॉलर, त्या काळात एका बऱ्यापैकी खेळाडूचा पगार. तरीही हा सौदा मला पटतो, कारण पैसा स्टेडियमच्या दुरुस्तीला लागला. वरच्या मजल्याच्या शेवटच्या आठ रांगा कापल्या, वर सपाट छप्पर घातलं, निळ्या खुर्च्या जाऊन हिरव्या येऊ लागल्या. चाहत्याला डोळ्यांनी दिसलं की नावाच्या बदल्यात काय मिळालं. वर 2005 मध्ये, 1917 नंतर पहिल्यांदा, संघ वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकला. तोवर सेल्युलरवरून 'द सेल' हे टोपणनाव लोकांच्या तोंडी बसलंही होतं. जुने लोक अर्थात 'कोमिस्की'च म्हणत राहिले.

मग गाडी घसरली. कंपनीने शिकागोतले ग्राहक स्प्रिंटला विकून टाकले, पण दारावर तिचं नाव तसंच. म्हणजे शिकागोकर ज्या फोनचं नाव स्टेडियमवर वाचायचा, तो फोन त्याला गावात मिळायचा नाही. 2016 मध्ये तिच्या जागी गृहकर्ज देणारी 'गॅरंटीड रेट' ही कंपनी आली. तिच्या बोधचिन्हात लाल बाण आहे, आणि तो खाली वळलेला. व्याजदर खाली, ग्राहक खूश, असा त्याचा अर्थ. पण बेसबॉल स्टेडियमच्या डोक्यावर अधोमुखी बाण! चाहत्यांनी पहिल्याच दिवशी टवाळी सुरू केली. 2024 मध्ये संघ 121 सामने हरला, आधुनिक काळातला नीचांक, तेव्हा त्या बाणावर किती विनोद झाले असतील ते सांगायला नको. आता कंपनीनेच नाव आखूड केल्यामुळे ते 'रेट फील्ड' झालंय.

पहिला करार आणि दुसरा करार यांतला फरक ठरवणाऱ्याने नीट पाहावा. नाव दोन्ही वेळा विकलंच. पहिल्या वेळी बदल्यात काही तरी उभं राहिलं, म्हणून लोकांनी पचवलं.

कँडलस्टिक: मतदारांनी परत घेतलेलं नाव

सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क 1960 चं, शहराच्या मालकीचं, नाव लोकांमधून स्पर्धा घेऊन ठरवलेलं. 1995 मध्ये थ्रीकॉम या कंपनीवरून ते थ्रीकॉम पार्क झालं. तिथला बेसबॉल संघ जायंट्स 1999 च्या हंगामानंतर निघून गेला, मागे उरला अमेरिकन फुटबॉल. 2004 मध्ये केबल बनवणाऱ्या 'मॉन्स्टर'ने चार वर्षांसाठी सुमारे 60 लाख डॉलर मोजले आणि 'मॉन्स्टर पार्क' झालं. गंमत अशी की अनेकांना ते नोकऱ्यांच्या 'मॉन्स्टर डॉट कॉम'चं वाटलं. पैसे एकाचे, प्रसिद्धी दुसऱ्याची.

त्याच नोव्हेंबरात मतदारांनी 'प्रस्ताव एच' मंजूर केला: चालू करार संपला की नाव कायमचं कँडलस्टिक. 2008 मध्ये तसं झालं. सहा-सात वर्षांत स्टेडियमच पाडलं गेलं, ते सोडा. मतदाराने यातून घ्यायचं ते हे, की झालेला करार मोडला नाही, फक्त पुढची विक्री थांबवली. शहराला भरपाईही द्यावी लागली नाही. प्रस्तावाच्या मसुद्यात हे आधीच लिहिलेलं असेल तर हो म्हणायला हरकत नाही.

जोडनावाची वाट

दोन्ही नावं ठेवू या, हा तोडगा बैठकीत हमखास निघतो. सॅन डिएगोत जॅक मर्फी या क्रीडापत्रकाराचं नाव स्टेडियमला होतं. 1997 मध्ये विस्ताराचं काम पैशांअभावी अडलं, क्वालकॉम कंपनीने 1.8 कोटी डॉलर दिले आणि स्टेडियम त्यांचं झालं. मर्फीचं नाव आतल्या मैदानाला उरलं. मुंबईच्या मेट्रो तीनवर 'आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक' असं स्टेशन आहे, पण टॅक्सीवाल्याला कुणी विमा कंपनीचं नाव सांगत नाही. जोडनावात प्रायोजकाला पाटी मिळते, जीभ मिळत नाही, आणि त्यामुळे तो भावही पाडून मागतो. जुन्या मैदानाला आणीबाणीच असेल तरच ही वाट. एरवी दोन्हीकडून अर्धवट.

सही करण्याआधी

ह्यूस्टनचा धडा सगळ्यांना पाठ हवा. नव्या स्टेडियमचं नाव 30 वर्षांसाठी 10 कोटी डॉलरना एन्रॉनला विकलं होतं. 2000 मध्ये दरवाजे उघडले, 2001 च्या डिसेंबरात एन्रॉन बुडाली. (ही तीच, दाभोळची. आपल्याला ओळख करून द्यायला नको.) मग ॲस्ट्रोज संघाला ते नाव दारावरून काढायला, म्हणजे स्वतःच्याच स्टेडियमचे हक्क परत घ्यायला, 21 लाख डॉलर द्यावे लागले. दिवाळखोरी निघाली की हक्क आपोआप आणि फुकट परत, हे कलम नसल्याची ती किंमत.

दुसरं, कंपनीचं नाव बदलतं. जायंट्सचं नवं स्टेडियम 2000 मध्ये पॅसिफिक बेल पार्क होतं, 2004 मध्ये एसबीसी, 2006 मध्ये एटी अँड टी. टेलिफोन कंपन्या एकमेकींना गिळत गेल्या आणि पाट्या बदलत गेल्या; 2019 पासून ओरॅकल. वीस वर्षांत चार नावं. अशा बदलाला मालकाची संमती लागेल, आणि दारावरच्या पाटीपासून महामार्गावरच्या दिशाफलकांपर्यंतचा सगळा खर्च प्रायोजक करेल, हे आधीच लिहून घ्यावं.

माझा कौल विचाराल तर असा. फेनवे, रिग्ली या जातीच्या मैदानाचं नाव विकू नये. चौक, दरवाजे, गच्च्या, भिंत, काय विकायचं ते विकावं. सार्वजनिक मालकीचं, डागडुजीला आलेलं, पण नावाला फारशी माया नसलेलं स्टेडियम असेल तर विकावं, पाच-सात वर्षांपुरतंच, आणि मिळालेला पैसा फक्त त्याच वास्तूवर खर्च होईल अशा वेगळ्या खात्यात. वीस वर्षांचा करार घेऊन कुणी आला तर त्याचा ताळेबंद आधी मागवावा, त्याच्या बोधचिन्हातला बाण कुठल्या दिशेला आहे तेही बघून घ्यावं.