पीट मॉसची गठडी: माल चोख, दावा पोकळ

साताऱ्यात महामार्गालगत रोपवाटिकांचे साहित्य विकणारे एक मोठे दुकान आहे. तेथून गेल्या माघात आम्ही दोघांनी, म्हणजे कोरेगावच्या बाजूला टोमॅटो-मिरचीची रोपे करणारे माझे एक स्नेही आणि मी, पीट मॉसची, म्हणजे दलदलीत न कुजता साचलेल्या शेवाळाच्या वाळक्या भुग्याची, ३०० लिटरची दाबून बांधलेली गठडी निम्म्या वाटणीत घेतली. त्यांना प्रो-ट्रे, म्हणजे रोपे वाढवण्याचे खणांचे ट्रे, भरायचे होते आणि मला गच्चीवरच्या केप दवबिंदूंच्या कुंड्या बदलायच्या होत्या. कासच्या सड्यावर पावसाळ्यात जो कीटकभक्षी दवबिंदू दिसतो, त्याचीच ही दक्षिण आफ्रिकेतील भावकी. मालाबद्दल मला बहुतांशी चांगलेच लिहावे लागेल. विकताना त्याविषयी जे सांगितले गेले, त्याबद्दल मात्र तसे लिहिता येत नाही.

दुकानदारांनी प्रथम जी गठडी पुढे केली, तिच्यावर सामू (पीएच) ५.५ असा छापलेला होता, म्हणजे तीत चुना मिसळलेला होता आणि लेबलानुसार थोडे खतही होते. मिरचीच्या रोपाला ते मानवते, पण कीटकभक्षी वनस्पतीच्या मुळांना खत सोसत नाही. हे सांगताच त्यांनी कुरकुर न करता ती बदलून बिनचुन्याची, ४ च्या आसपास सामू असलेली गठडी दिली. स्नेह्यांनी आपल्या वाट्यात चुना स्वतः मिसळून घेतला. भुगा एकसारखा, तंतुमय आणि तणाच्या बियांपासून मुक्त निघाला. एक दोष आढळला, तो दुकानाचा नव्हे, पीटचाच आहे: एकदा पूर्ण वाळले की ते पाणी नाकारते. चैत्रात उघडी राहिलेली गठडी ठणठणीत कोरडी झाली, तेव्हा वरून ओतलेले पाणी थेंबाथेंबांनी घरंगळून कडेने निघून गेले, आणि कोमट पाण्यात रात्रभर भिजवून हाताने मळल्यावरच ते भिजले.

आता दाव्याकडे येतो. हे उपसून आणलेले असते, मग ते संपत नाही का, असे मी विचारले होते. उत्तर मिळाले, "अवो सर, शेवाळच हाय ते. आपला डोंगर वणव्यात जळतो आन् मिरगाला पुन्हा हिरवा हुतो का न्हाई? तिकडं आगी लागल्या तरी पुन्हा उगवतंय." यवतेश्वरचा उतार उन्हाळ्यात काळा पडलेला आणि आषाढात हिरवा झालेला पाहणाऱ्या कोणाही सातारकराला हे पटेल. गल्ल्यापाशी मलाही पटले.

परंतु आपल्याकडचा वणवा वाळक्या गवतावरून धावत निघून जातो. खाली खडकावर पातळ माती असते, ती जळत नाही. कंद, गवताचे बुडखे आणि बियांचा साठा तिच्यात बऱ्याच अंशी वाचतो. (म्हणून वणवा निरुपद्रवी ठरतो असे नव्हे, झाडांची कोवळी रोपे आणि जमिनीवरची घरटी त्यात जातातच.) उत्तरेकडील थंड प्रदेशांतल्या पीटभूमीत मात्र जमीन हीच जळाऊ वस्तू असते. पाण्याने भरलेल्या, आम्लधर्मी आणि प्राणवायू जवळजवळ नसलेल्या जागी स्फॅग्नम शेवाळ पुरते कुजत नाही व वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर या गतीने साचत जाते. मीटरभर थर साचायला सुमारे १,००० वर्षे लागतात.

तरीही दुकानदारांचे म्हणणे निम्मे खरे आहे. जमिनीत ओल टिकून असेल, तर आग वरवरची राहते. शेंड्यावर कापसासारखे पांढरे गोंडे धरणारे कापूसगवत नावाचे लव्हाळे आहे. त्याचे दाट बुडखे आतून जिवंत राहतात आणि लवकरच कोंब काढतात. हीदर हे झुडूप खोडाच्या बुडातून फुटते. ते फार जुने असेल तर नीट फुटत नाही, पण त्याचे बी जमिनीत अनेक दशके टिकते आणि धुराच्या संपर्काने उलट अधिक रुजते. उघड्या पडलेल्या काळ्या पृष्ठावर पॉलिट्रायकम हे काटक शेवाळ पसरते. स्फॅग्नमचे काम या सर्वांत सावकाश चालते. त्याचे उंचवटे स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून असल्याने पुष्कळदा होरपळूनही वाचतात आणि तेथूनच ते शेजारची जागा पुन्हा व्यापते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात जळालेल्या पीटभूमींच्या अभ्यासात, आगीनंतर कार्बन सोडणारी जमीन पुन्हा कार्बन साठवू लागण्यास सुमारे १३ वर्षे लागल्याचे दिसले आहे.

माझ्या गठडीतला माल मात्र अशा ओल्या, अखंड जमिनीतून येत नाही. पीट उपसण्यासाठी आधी चर खोदून पाणी काढतात, वरचा जिवंत थर खरवडतात आणि वाळलेला भुगा यंत्राने ओढून घेतात. अशी जमीन पेटली की आग ज्वाळांवाचून आत आत धुमसत आठवडेच्या आठवडे राहते, आणि बियांचा साठा व बुडखे दोन्ही जळून जातात. २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्कोभोवतीच्या, पूर्वी कोरड्या केलेल्या पीटभूमी अशाच पेटल्या आणि शहर धुराने भरले. पुढे तेथील बऱ्याच जमिनीत पुन्हा पाणी साठवण्याचे काम हाती घ्यावे लागले. आगीनंतर उरलेला काळा पापुद्रा उन्हात तापतो आणि माझ्या चैत्रातल्या गठडीसारखाच पाणी झिडकारतो, त्यामुळे त्यावर रुजलेले बीही सुकते. जेथे पाणी परत येत नाही, तेथे शेवाळाऐवजी भूर्जाची झाडे आणि उंच गवते शिरतात. लांबून रान हिरवे दिसते, पण त्या हिरवाईतून नवे पीट साचत नाही. उपसलेल्या जमिनीवर चर बुजवून, जिवंत स्फॅग्नमचे तुकडे पसरून वर पेंढा अंथरण्याची पद्धत कॅनडात वापरतात व तीतून शेवाळ पुन्हा धरते. मात्र त्यासाठी कोणीतरी मुद्दाम खर्च करावा लागतो. गठडीवर देशाचे नाव ठळक आहे, उपसा संपल्यावर त्या जमिनीचे काय केले याबद्दल एक शब्दही नाही.

त्यामुळे माझा सल्ला रोपवाटिकावाल्यांना एक आणि हौशी लोकांना दुसरा आहे. स्नेह्यांनी पुढच्या हंगामासाठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, घेतले, ते धुऊन क्षार काढले, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवले, आणि मिरचीच्या रोपांत त्यांना काही उणे दिसले नाही. भाजीपाल्यासाठी परदेशी पीट घेण्याचे कारण मला दिसत नाही. दवबिंदूंसाठी मी अजून पीटच वापरतो, पण माझ्या वाट्याचे १५० लिटर मला कित्येक वर्षे पुरतील. माझ्यासारख्यांना ५ लिटरची पिशवी पुरेशी आहे. ती हे दुकान ठेवत नाही. चार-पाच गिऱ्हाइकांनी मागितली तर गठडी फोडून देऊ, असे त्यांनी सांगितले आहे.