अचेबेंची इग्बो त्रयी: काही महिने वाचल्यानंतर

नायजेरियाच्या इग्बो समाजातले लेखक चिनुआ अचेबे यांच्या तीन कादंबऱ्या एकाच बांधणीत देणारी २०१० सालची आवृत्ती मी गेल्या पावसाळ्यात घेतली. नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अडिची यांची प्रस्तावना आहे. 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८), 'नो लाँगर अ‍ॅट ईझ' (१९६०) आणि 'अ‍ॅरो ऑफ गॉड' (१९६४) असा पुस्तकातला क्रम, म्हणजे प्रकाशनाचा. एकदा तसं वाचून झाल्यावर मी काळाच्या क्रमाने पुन्हा वाचायला घेतलं: आधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं उमुओफिया हे गाव (पहिली कादंबरी), मग १९२० च्या दशकातलं उमुआरो ('अ‍ॅरो ऑफ गॉड') आणि शेवटी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचं लागोस शहर ('नो लाँगर अ‍ॅट ईझ'). नव्याने घेणाऱ्यांनी थेट या दुसऱ्या क्रमानेच वाचावं, असं मला मनापासून वाटतं. का ते सांगताना कथानक येणारच, तेव्हा ज्यांना आधी कळायला नको त्यांनी पुस्तक वाचून मग इकडे यावं.

पहिली कादंबरी बऱ्याच जणांच्या ऐकण्यात असते. आपल्याकडे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ती नेमलेली असते आणि परीक्षेपुरती 'ओकोंक्वोची शोकांतिका' म्हणून शिकवली जाते. सावकाश वाचताना मात्र ओकोंक्वो या नायकापेक्षा त्याच्या भोवतालचं गावच जास्त दिसायला लागतं. शांतता-सप्ताहात बायकोला मारलं म्हणून ओकोंक्वोसारख्या नामांकित मल्लाला भूदेवीच्या पुजाऱ्यापुढे मान खाली घालून दंड भरावा लागतो. नवरा-बायकोचं भांडण मुखवटे घातलेल्या पूर्वजांच्या न्यायसभेपुढे जातं. याम हा कंद (आपल्या कोनफळाच्या कुळातलाच) पुरुषाचं पीक मानला जातो, आणि कोठारात किती याम आहेत त्यावर माणसाची पत ठरते. राजा कुठेच नाही. निर्णय सभेत होतात, बोलणारे म्हणींच्या आधाराने बोलतात आणि समोरच्याला पटलं तरच पुढे जातात.

अचेबे या गावाला सोवळं करून दाखवत नाहीत, आणि मला त्यांचं सर्वात मोठं बळ हेच वाटतं. जुळी मुलं जन्मली की ती जंगलात टाकून देतात. ओसू, म्हणजे देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज, इतरांपासून कायम वेगळे ठेवले जातात. ओलीस म्हणून आलेला इकेमेफुना तीन वर्षं घरचा मुलगा होऊन राहतो आणि देववाणी झाली म्हणून मारला जातो. शेवटचा वार ओकोंक्वो करतो, आपण भित्रे ठरू या भीतीने. मिशनरी येतात तेव्हा त्यांच्याकडे पहिल्यांदा कोण जातं ते पाहा: ओसू, गावाने कवडीमोल ठरवलेली माणसं, चारही वेळा जुळीच झालेली आणि पुन्हा गरोदर असलेली न्नेका, आणि इकेमेफुनाला विसरू न शकलेला ओकोंक्वोचा मुलगा न्वोये. भिंतीला तडा होता तिथूनच नवा धर्म आत शिरला. त्याच्या पाठोपाठ न्यायालय, शिपाई, तुरुंग आणि दंड आले.

बंदुकाही होत्याच. कादंबरीत आबामे नावाचं गाव सायकलवरून आलेल्या एका गोऱ्याला मारतं, आणि नंतर भर बाजाराच्या दिवशी सैन्य वेढा घालून माणसं टिपतं. त्यामागे खरी घटना आहे. १९०५ साली अहियारा भागात डॉ. स्टुअर्ट नावाचा इंग्रज मारला गेला आणि त्यावरून इंग्रजांनी त्या मुलखात दंडात्मक मोहीम काढली. हे कळल्यावर ते प्रकरण पुन्हा वाचलं, तेव्हा पानं उलटवणं जड गेलं.

पण या ग्रंथाचा गाभा माझ्या मते 'अ‍ॅरो ऑफ गॉड' आहे, आणि पहिली कादंबरी वाचून थांबणाऱ्यांची मला खरंच हळहळ वाटते. एझेउलू हा उमुआरोच्या सहा गावांच्या उलू या दैवताचा मुख्य पुजारी. हे दैवत अनादि नाही. गुलाम पकडणाऱ्या आबाम टोळ्यांच्या धाडींपुढे टिकून राहण्यासाठी सहा गावांनी एकत्र येऊन ते घडवलं. आणि ज्या माणसांनी देव घडवला, ती तो काम देईनासा झाला तर टाकूनही देऊ शकतात. शेजारच्या अनिंतावाल्यांनी आपला देव सीमेवर नेऊन जाळला, ही गोष्ट कादंबरीत सगळ्यांना ठाऊक आहे. एझेउलूच्या डोक्यात प्रश्न हाच घोळत असतो: नव्या यामच्या सणाचा दिवस मी जाहीर करतो, पण तो न करण्याची सत्ता माझ्याकडे आहे का?

इंग्रजांची अडचण अशी होती, की लुगार्ड या इंग्रज गव्हर्नरच्या अप्रत्यक्ष राज्यपद्धतीत कारभार देशी प्रमुखांमार्फत चालवायचा, आणि इग्बो गावांत प्रमुखच नव्हते. मग सनद देऊन ते तयार केले गेले. त्यांना वॉरंट चीफ म्हणत. कादंबरीतला इंग्रज अधिकारी कॅप्टन विंटरबॉटम याला स्वतःला ही कल्पना पसंत नाही. त्याने नेमलेला एक प्रमुख आधीच लाचखाऊ निघालेला आहे. तरी वरून हुकूम आला म्हणून तो एझेउलूची निवड करतो, कारण जमिनीच्या तंट्यात स्वतःच्या गावाविरुद्ध खरी साक्ष देणारा तो एकटाच होता. एझेउलू नकार देतो: आपण उलूशिवाय कुणाचेही प्रमुख होणार नाही. त्याला ओकपेरी इथल्या सरकारी कोठडीत डांबलं जातं. दर अमावास्येनंतर कोर दिसली की एक पवित्र याम खायचा, असा त्याचा नेम. कोठडीत तो चुकतो. सुटून आल्यावर तो सांगतो की राहिलेले याम संपल्याशिवाय सण होणार नाही, म्हणजे पिकाची काढणीही नाही. याम जमिनीतच राहतात, माणसं उपाशी मरू लागतात, आणि चर्च सांगतं की आमच्या देवाला याम अर्पण करा आणि खुशाल काढणी करा.

इथे कुणी खलनायक नाही. एक हुकूम, एक आजारी पडलेला अधिकारी, काय करावं न कळलेला त्याचा तरुण मदतनीस आणि एका म्हाताऱ्याचा अभिमान एवढ्याने एक जग हातातून निसटतं. सर्वात जास्त मी याच कादंबरीकडे परत गेले. वॉरंट चीफ हा अचेबेंच्या कल्पनेचा खेळ नव्हता. १९२९ मध्ये इग्बो आणि शेजारच्या समाजांतल्या हजारो बायका या प्रमुखांविरुद्ध आणि करांच्या धास्तीने रस्त्यावर उतरल्या, गोळीबारात पन्नासच्या आसपास मारल्या गेल्या, आणि पुढे ती पद्धत सरकारला मोडीत काढावी लागली.

'नो लाँगर अ‍ॅट ईझ' त्या मानाने पातळ आहे. गाववाल्यांच्या संघाने कर्ज देऊन विलायतेला शिकवलेला ओबी लाच घेताना पकडला जातो, हे पहिल्याच पानापासून कळतं, आणि लागोसमधली काही प्रकरणं घाईत उरकल्यासारखी वाटतात. एक प्रसंग मात्र फार मोठा आहे. ओबीचे वडील म्हणजे तोच न्वोये, आता आयझॅक. आयुष्यभर चर्चची सेवा केलेला हा माणूस मुलाला ओसू मुलीशी लग्न करू देत नाही. आणि त्याच बोलण्यात इकेमेफुनाच्या मरणाची जखम उघडी होते. १९५६ मध्ये नायजेरियाच्या पूर्व प्रांताने ओसू प्रथा कायद्याने रद्द केली. तिचं घरातलं वजन काय होतं, ते या दोन-चार पानांत कळतं. काळाच्या क्रमाने वाचण्याचा आग्रह मी याच्यासाठी धरते.

वाचताना अडचण येते ती नावांची. सुरुवातीचे काही दिवस गावांची आणि घराण्यांची यादी वहीत लिहून ठेवली, तर पुढे अडत नाही. एके, ओये, आफो, न्क्वो हा चार दिवसांचा बाजाराचा आठवडाही लक्षात ठेवावा, कारण भेटीगाठी त्यानेच ठरतात. प्रस्तावना शेवटी वाचलेली बरी.

एक उणीव उरतेच. या तिन्ही कादंबऱ्यांत बायका पुरुषांच्या नजरेतूनच दिसतात. ओकोंक्वोची बायको एक्वेफी आणि तिची मुलगी एझिन्मा यांचा रात्रीचा प्रवास सोडला, तर त्यांच्या मनात शिरायला फारशी वाट नाही. त्यासाठी फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' (१९६६) सोबत घ्यावी. त्यात ओगुटाच्या सरोवराकाठी व्यापार करणारी एक स्त्री आहे आणि गोरे लोक अगदी कडेला आहेत. मग बुची एमेचेटांची 'द जॉईज ऑफ मदरहुड' (१९७९). तिच्यात नायिका न्नू एगोचा नवरा लागोसमध्ये गोऱ्यांचे कपडे धुतो, पुढे त्याला युद्धावर धरून नेतात, आणि वसाहतीचा पगार, पैसा आणि शहर यांचा भार शेवटी घर चालवणाऱ्या बाईवर कसा पडतो ते पानोपानी दिसतं. मी आता तीच वाचते आहे. ज्यांना एकच पुस्तक घ्यायचं आहे, त्यांनी त्रयी घ्यावी आणि 'अ‍ॅरो ऑफ गॉड'ला घाई करू नये. पहिली साठेक पानं संथ आहेत, पण कोठडीच्या प्रकरणापर्यंत पोहोचलात की पुस्तक खाली ठेवता येणार नाही.