बातमी खोटी, गेलेले पैसे मात्र खरे

‘शिकलेली माणसं, तरी कशी फसलात?’ असं विचारणाऱ्यांनी आधी गुंतवणुकीच्या त्या बनावट बातमीचं पान बघावं. जाहिरात बघून कुणी २१,००० रुपये भरत नाही. समोर बातमी होती. नावाजलेल्या वर्तमानपत्राचं शीर्षक, बातमीदाराचं नाव, आजची तारीख, खाली त्याच गुंतवणुकीची शिफारस करणारा अर्थमंत्र्यांचा व्हिडिओ. असले व्हिडिओ बनावट असल्याचं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने कितीदा सांगितलंय, पण खुलासा जाहिरातीइतका पोचतो कुठे?

कळायला हवं होतं ते तिथेच. वर ‘क्रीडा’, ‘मनोरंजन’, ‘राशिभविष्य’ असे टॅब होते. कशावरही बोट ठेवा, उघडणार तोच फॉर्म: नाव आणि मोबाईल नंबर. राशिभविष्य उघडायला गेलं की गुंतवणुकीचा फॉर्म! आणखी काय पुरावा हवा होता? व्हिडिओत ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटतच नव्हते. पत्ता भलत्याच साईटचा. पण मोबाईलवर पान जरा सरकवलं की पत्त्याची पट्टी लपते, दोष कुणाला द्यायचा?

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ‘मॅनेजर’चा फोन, ॲपवर फुगणारा आकडा, भरवसा बसावा म्हणून परत आलेले ४,०००, मग आणखी १,८०,०००. काढायला गेलं तर ‘आधी टॅक्स भरा’, ५४,६००. एकूण फटका २,५१,६००. नफा हातात द्यायच्या आधी टॅक्स मागणारा ब्रोकर नसतो, चोर असतो.

पैसे गेले कुठल्याशा ट्रेडर्सच्या चालू खात्यात. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी असलेल्या ब्रोकरांसाठी ‘व्हॅलिड’ शब्द असलेला यूपीआय आयडी आलाय. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो. तो नसेल तर दमडी पाठवू नका.

आणि मदत? बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तर ते म्हणे परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरतं. पोलीस ठाणं म्हणतं, हद्द आमची नाही. अहो, हद्दीबाहेरची तक्रारही घ्यावी लागते, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय! ते सांगायचं आम्ही, आणि वर ऐकायचं, ‘लोभ कशाला केलात?’ लोभ म्हणे! बातमीवर विश्वास ठेवला, एवढंच.

ठाण्यात नंतर जा. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा नंबर) हाताशी ठेवा. पैसा तासाभरात चार खाती फिरतो. ज्या खात्यात सापडेल तिथे होल्ड लागतो, म्हणजे तो गोठवला जातो; उशीर झाला की सापडणं अवघड. आणि ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो, फी ५,०००’ असा फोन येईल. तोही चोरांचाच असतो.