लेबर पॉलिसीचा नंबर स्कूटरचा निघाला

नागपुरात जे कोणी फॉल्स सीलिंग, जिप्सम पार्टिशन, पीओपीची कामं ठेक्यावर घेतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोठ्या बिल्डरांना याची गरज नाही, त्यांच्याकडे कागद तपासायला पगारी माणसं असतात. आपल्याकडे असतो एक सीए, ठेकेदारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि लकडगंजातल्या प्लायवूडच्या दुकानात काउंटरवर होणाऱ्या ओळखी. बनावट विमा विकून मला फसवणारा अशाच एका ओळखीतून आला.

२०२३ मध्ये मला वर्धा रोडवरच्या एका ऑफिसच्या इमारतीत पार्टिशन आणि सीलिंगचं काम मिळालं. वर्क ऑर्डरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अट होती : कामगारांची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे आपण जिला लेबर पॉलिसी म्हणतो ती (कामगाराला कामावर अपघात झाला तर मालकाला द्यावी लागणारी भरपाई ती उचलते), आणि थर्ड पार्टीसकट, म्हणजे बाहेरच्या कोणाच्या नुकसानीसकट, साइटवरच्या कामाचा कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क विमा जमा केल्याशिवाय गेटपास मिळणार नाही. बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये सीलिंग मारताना असलं काही कोणी विचारत नाही. मिहान, बुटीबोरी आणि वर्धा रोडच्या मोठ्या साइटवर विचारतात. वर्क ऑर्डर येते शुक्रवारी संध्याकाळी आणि माणसं उभी करायची असतात सोमवारी सकाळी. विमा कंपनीच्या शाखा मधल्या दोन दिवसांत बंद. बनावट पॉलिसी विकणाऱ्यांचा सगळा धंदा त्या दोन दिवसांवर चालतो.

प्लायवूडचा दुकानदार म्हणाला, "माझ्या टेम्पोचा विमा हाच काढतो, पक्का माणूस आहे." तासाभरात तो एजंट आला. गळ्यात एका नावाजलेल्या कंपनीचं ओळखपत्र, हातात फाइल. "भाऊ, टेन्शन कायले घेता? वर्क ऑर्डरचा फोटो टाका, आधार-पॅन टाका, सायंकाळी पॉलिसी तुमच्या मोबाइलवर." हप्ता दहा हजार, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण ११,८०० रुपये, दोन्ही पॉलिसींचे मिळून. पैशांसाठी त्यानं स्वतःचा क्यूआर पाठवला. स्कॅन केल्यावर कुठल्याशा 'इन्शुरन्स सर्व्हिसेस'चं नाव दिसलं. शब्दाला जागून सायंकाळी दोन पीडीएफ आले. कंपनीचं बोधचिन्ह, शिक्का, अधिकाऱ्याची सही, पॉलिसी नंबर, कोपऱ्यात चौकोनी कोड, सगळं जागच्या जागी.

सोमवारी मुख्य ठेकेदाराच्या सेफ्टीवाल्यानं माझं नाव आणि तारीख वाचली आणि कागद फायलीत लावला. तिथून तो मालकाच्या प्रोजेक्ट ऑफिसात गेला, तिथंही फायलीत लागला. कोणाला काही खटकलं नाही, कारण त्या टेबलांवर विमा नको असतो, विम्याचा कागद हवा असतो. गेटपास मिळाले, काम सुरू झालं.

बारा एमएमचा सहा बाय चारचा जिप्सम बोर्ड वीस किलोच्या आसपास भरतो. दोघं जण तो डोक्यावर तोलून धरतात आणि तिसरा खालून स्क्रू मारत जातो. माझा बालाघाटकडचा एक कारागीर, वय तिशीचं, असाच घोडीवर, म्हणजे उंचावरच्या कामासाठी पाय रोवून उभ्या केलेल्या स्टँडवर, उभा होता. इलेक्ट्रिकवाल्यांनी पाइपचे तुकडे तसेच टाकले होते. घोडीचा एक पाय त्यावर चढला आणि सरकला. बोर्डासकट तो खाली आला, पायांवरच. उंची नऊ फूट असेल. लोकांना वाटतं नऊ फूट म्हणजे काय मोठं. टाचेचं हाड अशाच पडण्यात चुरा होतं. ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हा माणूस आता बरेच महिने घोडीवर चढणार नाही.

मी एजंटला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला, हे विशेष. "फोटो काढून ठेवा, हॉस्पिटलची कागदं जमवा, मी इंटिमेशन देतो, सर्व्हेअर येईल." सर्व्हेअर म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर क्लेम नंबर आला. सर्व्हेअर काही आला नाही. मग निरोप आला की फाइल मुंबईला गेली आहे, लवकर हलवायची तर साडेचार हजार 'प्रोसेसिंग' लागेल. क्लेम नोंदवायला विमा कंपनी पैसे घेत नसते. इथे मला पहिल्यांदा वास आला. मी पॉलिसीवर छापलेला नंबर बाजूला ठेवला, कंपनीच्या वेबसाइटवरचा टोल फ्री शोधला आणि पॉलिसी नंबर वाचून दाखवला. पलीकडची बाई म्हणाली, "सर, वाहनाचा नंबर सांगता का?"

मी म्हटलं, कोणतं वाहन? माणूस पडलाय माझा.

"सर, ही टू-व्हीलरची पॉलिसी आहे."

शाखेत गेल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं माझा पीडीएफ संगणकावर मोठा करून दाखवला. माझ्या नावाची अक्षरं आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होती आणि ओळ केसभर खाली बसली होती. मग त्यांनी कोपऱ्यातला कोड मोबाइलनं स्कॅन केला. पडद्यावर कोणा परक्या माणसाच्या स्कूटरचा नोंदणी क्रमांक आला. कोणाच्या तरी खऱ्या पॉलिसीचा पीडीएफ घ्यायचा, वरचा मजकूर बदलायचा, कोडाला हात लावायचा नाही. कोड बदलता येत नाही म्हणून नव्हे, तो कोणी स्कॅन करत नाही म्हणून.

आता आपल्या लाइनमधल्या बहुतेकांना जे माहीत नसतं ते सांगतो. विमा खोटा निघाला म्हणून जबाबदारी कुठे जात नाही. माझ्या वेळी लागू होता तो १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. त्यात कामावरच्या अपघाताची भरपाई मालकावर आहे, चूक कोणाची हे बहुतेक वेळा बघितलंच जात नाही. त्याच्या कलम १२ प्रमाणे कामगार सरळ मुख्य ठेकेदाराकडेही मागू शकत होता, आणि मुख्य ठेकेदार ते पैसे माझ्याकडून वसूल करू शकत होता. झालंही तसंच. रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्यानं मिळणारे पैसे, अडकलं, रिटेन्शन, म्हणजे काम पुरं होईपर्यंत राखून ठेवलेली रक्कम, अडकलं आणि वर लेखी विचारणा आली की बनावट कागदपत्र का दिलं. फसलो मी आणि खुलासाही मीच द्यायचा!

वकिलांनी समोर बसून हिशेब मांडला. पगार कितीही असो, हिशेबासाठी तेव्हा महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरत. २०२० च्या जानेवारीपासून हाच आकडा होता. त्याच्या निम्मे, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. तिशीच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे तो त्या दिवशी दगावला असता तर १५,५९,८५० रुपये. कायमचा पूर्ण अपंग झाला असता तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरून १८,७१,८२०. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. सहा-आठ माणसांची गँग चालवणारा ठेकेदार यातून उठत नाही. माझा कारागीर वाचला, हे त्याचं नशीब आणि माझंही.

त्याचा भाऊ हॉस्पिटलात म्हणाला, "ठेकेदार साहब, गेट पे तो बीमा दिखाया था आपने." याला काय उत्तर देणार? हॉस्पिटलचं बिल मी भरलं, थोडं उसनं, थोडं सोनं ठेवून. घरी बसलेल्या काळातली मजुरी दिली. अशा वेळी चार लोक सल्ला देतात की स्टॅम्प पेपरवर लिहून घे, विषय संपव. तो संपत नाही. हक्क सोडल्याचा असा खासगी करार कायद्यापुढे टिकत नाही, तडजोड तेव्हा कामगार न्यायालयात नोंदवावी लागे. आम्ही ती तिथं नोंदवली.

नंतर त्याच शाखेतून खरी पॉलिसी काढली तेव्हा कळलं की खरा विमा विकणारा किती प्रश्न विचारतो. माणसं किती? कुशल किती, हेल्पर किती? वर्षाची एकूण मजुरी किती? काम किती उंचीवर? परांची बांधता का? साइट कोणत्या? पोटठेकेदाराची माणसं धरायची का? डब्ल्यूसीचा हप्ता ठरतोच मुळी मजुरीच्या रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर, आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष मजुरीप्रमाणे तो कमी-जास्त करतात. त्या भल्या माणसानं यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. ज्याला मजुरीचा आकडाच नको, तो डब्ल्यूसी पॉलिसी काढतच नसतो, इतकं सोपं आहे हे. खरी पॉलिसी जवळपास दुप्पट महाग पडली.

खऱ्या कागदातही खड्डे असतात. उपचाराच्या खर्चाचं कलम बहुतेक वेळा जादा हप्ता देऊन वेगळं जोडावं लागतं. ते नसेल तर माझ्यासारख्या केसमध्ये, जिथं मुख्य पैसा हॉस्पिटलातच जातो, तिथं पॉलिसी असूनही खिसा रिकामा. कामाचं वर्णन 'इंटिरियर डेकोरेशन' एवढंच लिहून घेऊ नका. सीलिंग, पार्टिशन, घोडी आणि परांचीवरचं काम असं स्पष्ट लिहून घ्या. थर्ड पार्टी कशाला, असं वाटत असेल तर स्लॅबमध्ये फास्टनर मारताना स्प्रिंकलरची लाइन फुटून खालच्या मजल्यावरचे संगणक भिजले तर बिल कोणाच्या नावानं येईल ते डोळ्यांसमोर आणा.

इतवारीच्या एका पीओपीवाल्याला वेगळीच टोपी घातली गेली. त्याला 'लेबर पॉलिसी' म्हणून ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट दिली. कागद शंभर टक्के खरा, कंपनी खरी, नंबर खरा. पण ती पॉलिसी कामगाराला ठरलेली रक्कम देते, मालकावरची कायद्यानं येणारी जबाबदारी उचलत नाही. अशा प्रकारात पोलिसांत जाऊन काही होत नाही, कारण बनावट काहीच नसतं. चुकीची माहिती देऊन विकली म्हणून आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिथं दाद मिळाली नाही तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर, आणि पुढे विमा लोकपाल. एकट्याच्या मालकीचा धंदा लोकपालाकडे जाऊ शकतो. पॉलिसीच बनावट असेल तर मात्र लोकपाल काही करू शकत नाही, कारण त्या कंपनीशी तुमचा करारच झालेला नसतो.

माझा सीए यात एक मजेशीर गोष्ट बोलून गेला. कंपनीला हप्ता देताना आपला जीएसटी नंबर दिला असेल तर ते बिल पुढच्या महिन्यात आपल्या टू-बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या बिलांच्या यादीत, दिसतं. माझं कधी दिसलंच नाही. एजंटानं वेगळ्या लेटरहेडवर पावती दिली होती, तिच्यावरचा जीएसटी नंबर सीएनं नुसता बघून सांगितलं की हा कंपनीचा असूच शकत नाही. सुरुवातीला महाराष्ट्राचा २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर कंपनीचं असेल तर 'सी' असतं, एकट्या माणसाचं असेल तर 'पी'. पावतीवर 'पी' होतं. अठरा टक्के जीएसटी म्हणून घेतलेले १,८०० रुपयेही एजंटाच्याच खिशात गेले होते.

म्हणून आता माझ्याकडून हप्ता जातो तो फक्त विमा कंपनीच्या नावानं, चेकनं किंवा कंपनीच्या स्वतःच्या लिंकवर. हप्ता कंपनीकडे आधी पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे १९३८ च्या विमा कायद्यात कलम ६४ व्हीबीमध्येच लिहिलं आहे. एजंटाच्या क्यूआरवर गेलेला पैसा म्हणजे अजून न काढलेला विमा. आणि पॉलिसी हातात आली की कंपनीच्या वेबसाइटवरून घेतलेल्या नंबरला फोन करून एवढंच विचारायचं : ही पॉलिसी कशाची आहे, कोणाच्या नावानं आहे, किती माणसांची आहे.

पोलिसांत तक्रार दिली तेव्हा भादंवि, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता होती, ४२० आणि बनावट दस्तऐवजाची कलमं लागली. आता तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ आणि ३३६ खाली येतो. पैसे ऑनलाइन गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० ला फोन करायचा, रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येते. माझ्या बाबतीत हप्ता देऊन महिने लोटले होते. एजंटचा फोन बंद, ज्या पत्त्यावर ऑफिस सांगितलं होतं तिथं झेरॉक्सचं दुकान. प्रकरण अजून चालू आहे.

तपास अधिकाऱ्यानं मला सांगितलं की एकट्याची ११,८०० ची तक्रार असली की फाइल मागे पडते, दहा जणांच्या आल्या की हलते. हिंगणा, बुटीबोरी, मिहान, कामठी रोड, कुठंही काम करत असाल आणि तुमची लेबर पॉलिसी सुट्टीच्या दिवशी तासाभरात व्हॉट्सॲपवर आली असेल, पावती वेगळ्या लेटरहेडवर असेल, तर आज कोपऱ्यातला तो कोड स्कॅन करून बघा. स्कूटर निघाली तर पावती, क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि चॅट डिलीट न करता तसेच घेऊन पोलीस ठाण्यात जा, आणि या माणसाविरुद्ध आधीची तक्रार आहे हे तिथं आवर्जून सांगा.