ठाण्याचा युरिया, नेरुळचा बीयूएन आणि लॉइंकची फुकट यादी

नौपाड्यातल्या आमच्या लॅबने गेल्या वर्षी नेरुळची एक छोटी लॅब घेतली. मशिनं आली, माणसं आली आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमधले नऊ वर्षांचे रिपोर्टही आले. दोन्हीकडचं सगळं एकाच पडद्यावर दिसावं, पेशंटला जुन्या-नव्या आकड्यांचा आलेख देता यावा, एवढीच आमच्या सरांची इच्छा. ती पुरी करताना लॉइंक नावाची लॅब टेस्टच्या कोडांची यादी हाती लागली, तिचा हा अनुभव. एका एजन्सीने "नावं आपोआप जुळवून देतो" म्हणत काम घेतलं आणि आठ दिवसांत करूनही दिलं.

मग एका सोमवारी, फास्टिंगवाल्यांची रांग दारापर्यंत गेलेली असताना, नेरुळच्या एका काकांच्या मुलाचा फोन. "मॅडम, बाबांचा युरिया चार महिन्यांत १८ चा ३९ झालाय. डायलिसिस लागेल का हो?" काकांना काहीही झालेलं नव्हतं. नेरुळला बीयूएन छापायचे, म्हणजे युरियातला नुसता नायट्रोजन. आम्ही छापतो अख्खा युरिया. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. १८ चे होतात साडेअडतीस. एजन्सीच्या प्रोग्रामने 'ब्लड युरिया' आणि 'ब्लड युरिया नायट्रोजन' ही नावं दिसायला सारखी म्हणून एकाच ओळीत बसवली. आणि तिकडचं एसजीपीटी व आमचं एएलटी, लिव्हरच्या एकाच एन्झाइमची दोन नावं, ते ठेवलं वेगळं. अक्षरं जुळत नाहीत ना! बावीस वर्षं रक्त काढतेय, पण त्या फोनवर बोलताना जीभ अडखळली.

भाचा ऐरोलीला आयटीत आहे. तो म्हणाला, "मावशी, दोन याद्यांतली नावं अर्थावरून जुळवायची, याला ऑन्टॉलॉजी जुळवणी म्हणतात. तुमची यादी त्यांच्या यादीला थेट बांधू नकोस. दोन्ही तिसऱ्या, सगळ्यांना मान्य असलेल्या यादीला बांध." ती तिसरी यादी म्हणजे लॉइंक, प्रत्येक टेस्टला एक ठरलेला कोड देणारी. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रेजेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये सुरू केलेली. आज तीत एक लाखाहून जास्त नोंदी आहेत. आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या मानकांतही लॅब टेस्टसाठी हीच सांगितली आहे, हे मला तेव्हा कळलं. नाव नोंदवलं की फुकट मिळते. सोबत रेल्मा नावाचा शोधायचा प्रोग्रामही मला फुकट मिळाला, पण तो विंडोजवरच चालायचा.

यादीची खरी करामत तिच्या सहा खणांत आहे. काय मोजलं, कोणत्या प्रकारे व्यक्त केलं (वजन, संख्या, एन्झाइमची क्रिया), एका वेळचं की चोवीस तासांचं, कशात (सिरम, लघवी, रक्त), आकडा की नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आणि कोणत्या पद्धतीने. हे प्रश्न विचारले की नावाची फसवणूक गळून पडते. युरियाला कोड मिळाला ३०९१-६, बीयूएनला ३०९४-०. एसजीपीटी आणि एएलटी दोन्ही गेले १७४२-६ वर. शिबिरात ग्लुकोमीटरवर काढलेली साखर ४१६५३-७. ती शिरेतल्या रक्ताच्या फास्टिंगबरोबर, म्हणजे १५५८-६ बरोबर, एका रेषेत ओढायची नाही.

आता तक्रारी. एएलटी शोधा, तर दोन-चार जवळचे कोड समोर येतात: किटमध्ये पायरिडॉक्सल फॉस्फेट (बी-६ जीवनसत्त्वाचं एक रूप) घातलेला, न घातलेला, पद्धत न सांगितलेला. किटच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय निवडता येत नाही. माझे दोन चष्मे त्यात गेले. (एक खरंच तुटला.) प्लेटलेटचा कोड दोन्हीकडे एकच, ७७७-३, पण नेरुळला छापायचे २.५ लाख आणि आमच्याकडे हजारांत २५०. कोड बरोबर असूनही आलेख शंभरपट उडी मारतो. एकक बदलायचा तक्ता आपणच करायचा. आणि विडाल! आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला की टायफॉइडसाठी विडाल, पण ती एक टेस्ट नाहीच. टीओ, टीएच, एएच, बीएच अशा चार ओळी, प्रत्येकीला वेगळी नोंद. 'फुल बॉडी पॅकेज'ला तर काहीच नाही, ते फोडूनच बसवावं लागतं.

जिथे तंतोतंत कोड मिळाला नाही, तिथे भाच्याने एक रकाना वाढवायला लावला: 'तंतोतंत', 'जवळपास', 'जास्त व्यापक'. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या २००९ च्या स्कॉस मानकातून घेतलंय म्हणे. 'जवळपास' लिहिलेलं काहीही आलेखात जोडायचं नाही, असा नियम मी केला. या रकान्याने मला जितकी शांत झोप दिली, तितकी एजन्सीच्या बिलाने दिली नव्हती. दोन्हीकडचा ईएसआर (रक्तपेशी खाली बसायचा वेग) असाच 'जवळपास'मध्ये पडलाय: आम्ही वेस्टरग्रेन पद्धतीने काढतो, ते विंट्रोब पद्धतीने.

४१२ नावं, रोज संध्याकाळी कलेक्शन बंद झाल्यावर दोन तास, सव्वादोन महिने. नव्याने सुरू करणाऱ्याने आधी लॉइंकचीच दोन हजार नेहमीच्या टेस्टची छोटी यादी घ्यावी, लाखाच्या समुद्रात उतरू नये. मी उतरले.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो इंग्रजी शोधासाठी. 'बीएसएल' (ब्लड शुगर लेव्हल) टाकलं तर आपली साखर सापडेना.

अकरा नावं अजून शिल्लक आहेत. त्यातलं एक नेरुळच्या यादीत नुसतं 'स्पेशल-२' असं आहे, ३४० रिपोर्टांत, आकड्यासकट, एककाशिवाय. ते टाकणारा टेक्निशियन आता संगमेश्वरला गावी असतो आणि त्याच्या घरात रेंज नाही. आंब्याच्या दिवसांत तो वाशी मार्केटला येतो, तेव्हा गाठते.