लातूरचे ईईजी केंद्र: आलेखासोबत पापण्याही पाहणारी तपासणी

माझी आठ वर्षांची भाची वर्गात वाचता वाचता मध्येच थांबते, काही क्षण शून्यात पाहते, तिच्या पापण्या भरभर लवतात आणि मग जणू काहीच घडले नाही अशी ती पुढचे वाक्य वाचू लागते, हे तिच्या बाईंनी प्रथम लक्षात आणून दिले. बालमेंदुविकारतज्ज्ञांनी ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, काढण्यास सांगितले. एका ठिकाणी तो घाईघाईने काढून ‘नॉर्मल’ असा शेरा मिळाला होता. मात्र तेथे मुलीला दीर्घ श्वास घ्यायला लावलेच नव्हते, म्हणून डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली आणि आम्ही उदगीरहून लातूरच्या या केंद्रात आलो.

पूर्वतयारीच्या सूचना फोनवर नेमक्या मिळाल्या: आदल्या दिवशी डोके धुवावे, तेल अजिबात लावू नये, मुलीला रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवावे आणि चालू औषध स्वतःहून बंद करू नये. तेथील ताईंनी टेपने डोके मोजून, पेन्सिलीने खुणा करून, एकेका जागी पेस्टने इलेक्ट्रोड, म्हणजे लहरी टिपणाऱ्या छोट्या चकत्या, बसवले. शॉक बसेल की काय, अशी सोबत आलेल्या आजीला धास्ती होती. “आजी, ही मशीन करंट सोडत नाही, डोक्यातला फक्त टिपून घेते,” एवढे सांगून ताईंनी त्यांना मुलीच्या शेजारीच बसवले, हे मला फार आवडले.

या केंद्राचे खरे वेगळेपण मुलीच्या डोळ्यांकडे दिलेल्या लक्षात आहे. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला 8 ते 13 या गतीच्या अल्फा लहरी उठून दिसतात आणि उघडले की त्या मावळतात. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये माणसाचा ईईजी प्रथम प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही गोष्ट माहीत आहे. साध्या पापणी लवण्याची खूण मात्र वेगळी असते. डोळ्याचा पुढचा भाग मागच्या पडद्याच्या तुलनेत धनभारित असल्यामुळे पापणी हलली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडमध्ये मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठी लाट उमटते, आणि नवशिक्या नजरेला ती विकारासारखी वाटू शकते. ताई प्रत्येक वेळी ‘डोळे उघडले’, ‘पापणी लवली’, ‘रडली’ अशी नोंद आलेखावर करत होत्या, शिवाय समोरच्या कॅमेऱ्यातून चित्रणही चालू होते.

मग त्यांनी मुलीच्या हातात कागदाचे भिरभिरे दिले. “फुंक माय, थांबू नको,” असे म्हणत तीन मिनिटे तिला फुंकायला लावले, कारण अशा जलद, खोल श्वासाने क्षणभर भान हरपण्याचा हा झटका अनेकदा समोर येतो. भिरभिरे एकदम थांबले, मुलीची नजर जागीच खिळली, पापण्या थरथरू लागल्या आणि त्याच क्षणी पडद्यावर सगळीकडे सेकंदाला तीन या तालात टोकदार व संथ लाटांच्या जोड्या धावू लागल्या. ताईंनी शांतपणे “केळी” असा शब्द उच्चारला. लहरी जशा अचानक आल्या तशाच थांबल्या, तो शब्द विचारला तेव्हा मुलगी म्हणाली, “कोणता शब्द?” आणि पुन्हा फुंकू लागली. बॉस्टनमधील गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी 1935 मध्ये वर्णिलेला हा आकृतिबंध आज बालवयातील अॅबसेन्स अपस्माराची, म्हणजे काही क्षण भान हरपणाऱ्या फिट्सच्या विकाराची, ओळख मानला जातो. त्या काही सेकंदांत पापण्या हलत होत्या, पण भान हरपलेले होते, आणि तो एक शब्द विचारला नसता तर हे अहवालात इतक्या ठामपणे लिहिता आले नसते.

पापणी, लहर आणि जाणीव यांच्या नात्यावर तेव्हापासून मी बरेच वाचले. मोठी माणसे मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा सहज पापणी लववतात, डोळा ओला ठेवायला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त. इटलीतील बोनफिल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक सहज पापणीनंतर मेंदूत उठणारी मंद, डेल्टा पट्ट्यातील लहर अभ्यासली. मेंदूला इजा होऊन जाणीव हरपलेल्या रुग्णांत ती क्षीण होते, असे त्यांना आढळले. अनेक पापण्यांचे आलेख एकत्र करून सरासरी काढल्यावरच ती दिसते, त्यामुळे नेहमीच्या ईईजीत कोणी तिची अपेक्षा धरू नये.

उणिवाही सांगायला हव्यात. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, त्यामुळे झटके येणाऱ्या रुग्णाला उचलून न्यावे लागले तर नातेवाइकांचे हाल होतील. पेस्ट धुवायला गरम पाण्याची सोय नाही. दिलेली वेळ बरीच उशिराने पाळली गेली आणि रात्री जागवलेले मूल रांगेतच झोपून जाते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. खर्च मात्र आधी सांगितला, पावती दिली आणि अहवालासोबत चित्रणाची प्रतही मागताच मिळाली. अहवाल पूर्ण इंग्रजीत असतो. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या पालकांसाठी सोबत अर्ध्या पानाचा मराठी खुलासा जोडावा, अशी विनंती मी केंद्राच्या डॉक्टरांना लेखी दिली आहे.