फेझर ३: मालवणी मीमच्या गेमसाठी कसं आहे?

ब्राउझरमध्ये मालवणी मीमचा गेम करायचा असेल, तर फेझर ३ ही जावास्क्रिप्टची गेम लायब्ररी घ्या. फुकट आहे, मोकळेपणानं वापरू देणारा एमआयटी परवाना आहे. गुरुत्वाकर्षण, टक्कर तयार मिळते. हापूसच्या पेट्या झेलणारा गडी एका फाइलीत उभा राहतो. फाइल थेट उघडली तर चित्रं लोड होत नाहीत, लोकल सर्व्हर (आपल्याच संगणकावर चालणारा) लागतोच.

खरी कसोटी देवनागरीची. बिटमॅप टेक्स्टमध्ये (अक्षरांची तयार चित्रं जोडून लिहिलेल्या मजकुरात) जोडाक्षरं फुटतात, ‘कित्याक रे?’ची रयाच जाते. फेझरचा साधा टेक्स्ट ऑब्जेक्ट वापरा, तो ब्राउझरच्याच फॉन्टनं लिहितो. तोही उंची रोमन अक्षरांवरून मोजतो, म्हणून वेलांट्या नि मात्रा वरून छाटल्या जातात. वरखाली ८-१० पिक्सेल पॅडिंग (मोकळी जागा) द्या. वेबफॉन्ट (नेटवरून येणारा फॉन्ट) आधी लोड करा, नाहीतर पहिली ओळ भलत्याच फॉन्टमध्ये येते आणि तशीच राहते.

आवाज पहिल्या टॅपशिवाय वाजत नाही. ब्राउझरचाच नियम तो. ‘सुरू करा’ बटण ठेवा.

वजन मात्र खटकतं. नुसती लायब्ररीच, मिनिफाय करूनही (कोड आटवूनही), सुमारे १ एमबी. पावसाळ्यात देवगड-राजापूरच्या वाड्यांत रेंज रडते, तिथे हे जाणवतं. सर्व्हरवर जीझिप (फाइल दाबून पाठवणं) चालू करा, मीम वेबपी या हलक्या चित्र-प्रकारात द्या. एकाच पडद्याचा, टॅप करून हसवणारा गेम असेल तर ब्राउझरचा साधा कॅनव्हास (कोडनं चित्र काढायची जागा) पुरतो.